आडवी बाटली जिंकली तर दुसऱ्या दिवसापासून काय करायचं?

येरळाकाठ

नमस्कार. मी खटाव तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते, अकरा वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावात देशी दारूचं एक परवानाधारक दुकान आहे, एसटी थांब्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या सात बचत गटांनी मिळून ते बायकांच्या मतदानाने बंद करायचं ठरवलंय. मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. मतदार यादीत बायकांची नावं ११४०. मतदान मागायला त्यातल्या चौथ्या हिश्श्याच्या, म्हणजे २८५ जणींच्या सह्या लागतात. आमच्याकडे सह्या आणि अंगठे मिळून ३१२ झालेत. पुढच्या आठवड्यात पडताळणी आहे. सही केलेल्या प्रत्येकीने ओळखपत्र घेऊन ग्रामपंचायतीत स्वतः यायचं आहे.

इथपर्यंत जमेल असं वाटतंय. माझी झोप उडालीय ती पुढच्या विचाराने.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्चअखेर दुकानाला कुलूप लागलं. माझे थोरले दीर रोजचे पिणारे. सकाळी एक नवटाक पोटात गेल्याशिवाय त्यांना चहाची कपबशी धरता येत नाही. पहिल्या दिवशी नुसती चिडचिड झाली. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की जाऊबाईंनी वाटीने पाणी पाजलं. तिसऱ्या रात्री ते उठले आणि चादरीचा बोळा करून भिंत पुसायला लागले. मुंग्यांची रांग आहे म्हणाले, पोरांच्या अंथरुणाकडे चाललीय. भिंत कोरी होती. मी आशा असूनही हे काय चाललंय ते मला कळलं नाही. जाऊबाईंनी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. पहाटे त्यांना फिट आली तेव्हा जीप करून साताऱ्याला नेलं. वाचले. मे महिन्यात दुकान उघडलं आणि पुन्हा तेच सुरू झालं.

अशी रोज पिणारी माणसं माझ्या वहीत आता १९ आहेत. दुकान बंद झालं की या १९ जणांचं एकाच दिवशी बंद होणार. आणि ते बंद करणाऱ्यांत मी पुढे असणार.

दुसरी भीती हातभट्टीची. ओढ्यापलीकडच्या बाभळीत पूर्वी भट्टी लागायची, ती परत लागेल असं दुकानाच्या बाजूची माणसं आत्तापासून बोलून दाखवतात. आणि पारावरची म्हातारी माणसं म्हणतात, "पन्नास सालीबी बंदी हुती की. कोण थांबलं?" याला काय उत्तर द्यायचं तेही मला येत नाही, कारण पन्नास साली काय झालं होतं हेच मला ठाऊक नाही.

कुणी हे सगळं पाहिलं असेल, खात्यात काम केलं असेल, गावात आडवी बाटली झाली असेल, तर सांगा. "दारू वाईट" एवढं सांगू नका, ते आम्हाला रोज दिसतंय.


निवृत्त_दुय्यम

ताई, मी राज्य उत्पादन शुल्क विभागात ३३ वर्षं काढली. जवान म्हणून लागलो आणि दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. वडीलही याच कामात होते, त्या वेळी लोक सरळ 'दारूबंदीवाले' म्हणायचे. तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही. लांब लिहितोय, सवडीने वाचा.

आधी मताचं बोलतो, कारण घात तिथेच होतो. २००८ च्या आदेशाप्रमाणे दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. एकूण म्हणजे यादीतल्या एकूण. त्या दिवशी आलेल्यांपैकी नव्हे. तुमच्या ११४० नावांवर आकडा येतो ५७१. जी बाई आली नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूने गेली असं धरूनच चाला.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात मी बंदोबस्ताला होतो. यादीत नावं १०६२, आकडा हवा होता ५३२. मतं पडली ५३९. मोजणी झाली तेव्हा आडवी ४९८, उभी ४१. इतक्या बायका एका बाजूला, तरी दुकान चालू राहिलं. निकाल वाचला तेव्हा मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, आम्ही जास्त हाय न्हवं?" मला तिच्याकडे बघवेना. नंतर ती यादी चाळली. लग्न होऊन गेलेल्या लेकी, मुंबई-पुण्याला स्थायिक झालेल्या सुना, आणि वारलेल्या बायका, सगळ्यांची नावं तशीच होती. नावं कमी करायचे अर्ज कुणी वेळेत दिलेच नव्हते.

म्हणून पडताळणीच्याही आधी यादी घेऊन बसा. वारलेल्यांचे दाखले जोडून नावं कमी करायला लावा. बाहेरगावी असलेल्यांची वेगळी वही करा आणि मतदानाच्या दिवशी कोण कुणाला आणणार ते आजच ठरवा. ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर टोळ्या परत आल्यावरचीच तारीख मागा. आणि सह्या ३१२ वर थांबवू नका. पडताळणीला दहा-वीस जणी हमखास गळतात. कुणाच्या नवऱ्याने दम दिलेला असतो, कुणाची सही जुळत नाही. चारशेच्या पुढे जा.

आता पन्नास सालाचं. पारावरची माणसं खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतात.

बंदीचा पहिला मोठा प्रयोग १९३९ चा. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ, खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर. ते स्वतः हृदयरोगाचे नावाजलेले डॉक्टर. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. काही महिन्यांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग विरला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी ते काम पुन्हा हातात घेतलं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यभर पूर्ण बंदी आली. तुमचा सातारा जिल्हा त्यात होता. विदर्भ आणि मराठवाडा तेव्हा या राज्यात नव्हते. तो कायदा आजही जिवंत आहे, नाव तेवढं महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालं. आपण दुकानाला देतो तो परवाना त्या बंदीच्या कायद्यातली सूट आहे. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. तुमच्या दुकानात तो कुणी विचारत नसेल, पण कायदा तसा आहे.

वडील सांगायचे, बंदीची पहिली दोन वर्षं गावोगाव फरक दिसला. बाजाराच्या दिवशी बायका भांडी विकत घेताना दिसायला लागल्या, हे त्यांचं वाक्य मला अजून आठवतं. पुढे कायद्याला भोकं पडत गेली. १९५१ ला बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा गाभा राखला, पण दारूचा अंश असलेली औषधं आणि अत्तर-कोलनसारखी प्रसाधनं वापरण्यावरची बंदी रद्द केली. ज्याच्याकडे पैसा होता त्याला परवान्याचीही वाट होती. आरोग्यासाठी आवश्यक म्हणून परवाना मिळायचा. गरिबाला असली कुठलीच वाट नव्हती, त्याला हातभट्टी होती. मुंबईत घराघरांतून गुत्ते चालायचे, त्यावर मोठमोठे दादा उभे राहिले. मूठभर जवान आणि एका जिल्ह्याचे डोंगर-नाले. वडील रात्री दोनला घराबाहेर पडायचे आणि काळ्या गुळाच्या वासाचे कपडे घेऊन सकाळी परतायचे.

पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल होत गेली. १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवान्याची दुकानं रीतसर आली. कारण सांगितलं जायचं की हातभट्टीपेक्षा तपासलेली दारू बरी. ते कारण खोटं नव्हतं. पण दुकानांबरोबर महसूलही आला, आणि एकदा त्या पैशाची सवय लागल्यावर सरकारला ती सुटत नाही. २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे मिळतील असा हिशेब मांडला होता. त्याच वेळी देशीच्या १८० मिलीची किमान किंमत ८० रुपये झाली. तुमच्या गावात खुरपणीची हजेरी किती आहे ते तुम्हीच मांडून बघा.

आता हातभट्टी. मी शेकड्याने भट्ट्या फोडल्या. ओढ्यात पुरलेली रसायनाची, म्हणजे आंबवलेल्या गुळाची पिंपं, गाडीच्या ट्यूबमध्ये भरलेला माल, वर पसरलेला पाला. पोलीस पाटलाला माहीत नाही आणि भट्टी चालू आहे असं एकही गाव मी पाहिलं नाही. याचा अर्थ असा की गावाने ठरवलं तर ती राहत नाही. पण छापा एकदा पडून उपयोग नसतो, चौथ्या दिवशी पिंपं पुन्हा पुरली जातात. तिथे दारूबंदी कायद्याच्या कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायला लावा. बंधपत्र मोडलं की माणसाला झळ बसते. वारंवारचा असेल तर १९८१ चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक माणसाला स्थानबद्ध करायचा कायदा आहे, त्याच्या नावातच 'हातभट्टीवाले' हा शब्द आहे. तक्रार तोंडी देऊ नका. लेखी द्या, पोच घ्या, प्रत तहसीलदारांना द्या.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात पोचवा. गुळाच्या हातभट्टीत माणूस मरतो तो बहुतेक वेळा वरून मिसळलेल्या मिथेनॉलने. ते कारखान्यातलं रसायन आहे, स्वस्त पडतं आणि नशा वाढवतं. २००४ ला विक्रोळीत ऐंशीहून अधिक माणसं गेली, २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून अधिक. प्यायल्यावर लगेच काही कळत नाही. बारा-चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धुकं येतं, पोट दुखतं, श्वास जोरजोरात चालतो. "अंधुक दिसतंय" असं कुणीही म्हणालं की झोपू द्यायचं नाही, डायलिसिसची सोय असलेल्या दवाखान्यात पळवायचं. बरोबर कोण कोण प्यायलं होतं त्या सगळ्यांना उठवून न्यायचं. मी एका घरी पोचलो तेव्हा थोरला भाऊ मेला होता आणि धाकटा ओसरीवर बसून सारखे डोळे चोळत होता. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचा जीव वाचला, नजर गेली.

दुकान बंद करा. जरूर करा. मी खात्याचा माणूस असून सांगतोय.


माडीवाल्यांचा_नातू

काकांनी १९३९ पासून सुरुवात केली, मी थोडं मागे जातो. आम्ही वसईकडचे भंडारी. आजोबांच्या आजोबांची माडाची बाग होती. सूर्य उगवायच्या आत माड चढून उतरवली तर ती गोड, तिलाच नीरा म्हणायचं. ऊन लागलं की फसफसायची आणि माडी व्हायची. घरात, देवाला, पाहुण्याला तीच असे.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि हे सगळं बदललं. माडी काढायला परवाना, प्रत्येक झाडामागे कर. दारू गाळायचं काम सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत गेलं आणि विक्रीचे मक्ते लिलावाने पैसेवाल्यांना मिळाले. कर इतका वाढला की अनेकांनी माड चढणंच सोडलं. पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा वेगळा कायदा झाला. आदिवासीने स्वतःच्या झाडाखालची फुलं वेचून घरात साठवणंही त्यामुळे अडचणीत आलं. हलकी, ताजी माडी मागे पडली आणि बाटलीतली कडक दारू पुढे आली, कारण कर बाटलीवर नीट वसूल होतो.

याला विरोध करणारेही तेव्हा होते. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या अध्यक्षांना लेखी पत्र दिलं होतं. १९०८ ला पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. म्हणून पारावरच्या मंडळींना सांगा, ही मागणी १९५० ची नाही, तिला दीडशे वर्षं होत आली.

मी स्वतः सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. आमच्या घराण्याने कायद्यापायी काय भोगलं ते ऐकत मोठा झालोय. पण एसटी थांब्यावरचं दुकान आणि माझ्या पणजोबांची माडी या दोन गोष्टी मी एका तागडीत घालणार नाही. तुमचं दुकान बंद व्हावं असं मलाही मनापासून वाटतं.


वैनगंगा

ताई, मी गडचिरोली जिल्ह्यातली, माहेर चंद्रपूरचं. दोन्हीकडची बंदी पाहिली म्हणून लिहिते.

गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाभर बंदी आहे. चंद्रपूरच्या बाया २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. माझी मोठी काकू त्यात होती, परत आली तेव्हा तिच्या टाचा फुटून रक्त येत होतं. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूरला बंदी लागली. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. अवैध विक्री वाढली, गुन्हे वाढले, बाया-पोरं या धंद्यात ओढली गेली, अशी कारणं दिली. त्या दिवशी काकू जेवली नाही.

मला यातून एकच दिसलं. बंदी वरून आली आणि खाली तिची राखण करणारं कुणी नसलं, तर ती कागदावर राहते. गडचिरोलीतही चोरून दारू मिळते, नाही म्हणत नाही. पण २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या मोहिमेचं काम सुरू झालं, आणि ज्या गावात बायांची संघटना जागी आहे त्या गावात फरक आहे. आमच्या गावात दर आठवड्याला आठ-दहा बाया फेरी काढतात. सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेला माल, सापडला की तिथेच ओततात. कोण विकतो त्याचं नाव ग्रामसभेत सगळ्यांसमोर घेतात. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी दंड, तिसऱ्या वेळी ठाण्यात. आमचा भाग पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालचा आहे, त्यामुळे मादक पदार्थांवर बंदी घालायचा किंवा नियंत्रण ठेवायचा अधिकार ग्रामसभेलाच आहे. तुमच्याकडे पेसा नसेल, पण फेरी काढायला कायदा लागत नाही.

आणखी एक सांगते. विकणाऱ्यांत विधवा बाया असतात. आमच्या गावात दोघी होत्या. त्यांचं पोट त्याच्यावर चालायचं. त्यांना नुसतं अडवलं असतं तर त्या लपून विकत राहिल्या असत्या. बचत गटाने एकीला शेळ्या घेऊन दिल्या, दुसरीला शाळेच्या खिचडीचं काम मिळवून दिलं. आता फेरीत सगळ्यात पुढे त्याच असतात, कारण माल कुठं लपवतात ते त्यांनाच ठाऊक!


समुपदेशक_पुणे

येरळाकाठ ताई, तुमच्या दिरांना जे झालं त्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. मी व्यसनमुक्तीच्या कामात सतरा वर्षं आहे. भिंतीवरच्या मुंग्या, अंगावरची झुरळं, दाराशी उभी असलेली माणसं, हे मी असंख्य वेळा ऐकलंय. ती करणी नाही आणि नाटकही नाही. रोजच्या दारूने मेंदू वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला असतो, दाब एकदम निघाला की तो उसळतो.

वेळ लक्षात ठेवा. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ. फिट यायची ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांत. भास आणि भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. यात माणूस दगावू शकतो, आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक वाचतात. म्हणून ज्याला पूर्वी फिट किंवा भास झालेत त्याची दारू घरच्या घरी एकदम तोडायची नाही. खोलीत कोंडायचं नाही, बांधून ठेवायचं नाही. दवाखान्यात न्यायचं. तिथे कमी कमी करत न्यायची औषधं देतात आणि बी-वन म्हणजे थायमिनचं इंजेक्शन देतात. नेताना डॉक्टरांना "रोज पितात, अमुक दिवसापासून बंद आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. बरेच घरचे लाजेने सांगत नाहीत. नुसतं ग्लुकोजचं सलाईन लागतं, थायमिन राहून जातं आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

तुमच्या १९ जणांसाठी मी असं करीन. मतदानाची तारीख कळली की तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आधीच बोलून ठेवीन. यादीवर प्रत्येकापुढे लिहीन: किती पितो, सकाळी लागते का, कधी फिट आली का, कावीळ झाली होती का, घरात रात्री जागणारं कोण आहे. फिट आलेले आणि सकाळी लागणारे आधी, दुकान बंद होण्याच्या आठवड्यात दाखल. बाकीच्यांकडे पहिले पाच दिवस रोज चक्कर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन नंबर प्रत्येक घराच्या दारामागे खडूने लिहा.

जाहिरातीतली "त्याच्या नकळत जेवणात मिसळा" वाली पावडर कुणालाही घेऊ देऊ नका. त्यात काय असतं ते सांगता येत नाही. डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे, १९४८ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी तिचा दारूवरचा उपयोग जगासमोर आणला. ती घेऊन माणूस प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीने दिली तर तिचा उपयोग होतो. चोरून दिली तर जीव जाऊ शकतो. माझ्यासमोर एक बाई ओक्साबोक्शी रडली होती, "मी त्यांच्या भल्यासाठीच आमटीत टाकली." नवरा अतिदक्षता विभागात होता.

आणि स्वतःला दोष देणं थांबवा. एम्सने २०१९ मध्ये देशभराची पाहणी मांडली. दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलेतरी उपचार मिळतात, दाखल होऊन उपचार १८० मागे एकाला. तुमच्या दिरांना साताऱ्यात वाचवलं, पण घरी पाठवताना पुढचं कुणी सांगितलं नाही, ही त्यातलीच गत आहे. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथून बाहेर पडलेली आणि वीस-पंचवीस वर्षं न प्यालेली माणसं मी ओळखतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा फुकट असतात, साताऱ्यात चौकशी करा. जाऊबाईंसाठी अल्-अनॉन आहे, ते घरच्यांसाठीच असतं. त्यांनाही कुणीतरी विचारायला हवं की बाई, तू कशी आहेस.

"थोडी घेतली तर तब्येतीला चांगली" असं कुणी पारावर म्हणालं तर सांगा, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. आणि २०२३ च्या जानेवारीत संघटनेने स्पष्ट सांगितलं की दारूचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही.


येरळाकाठ

सगळ्यांना हात जोडते. तीन आठवड्यांनी लिहितेय, त्याबद्दल माफ करा.

काका, तुमचं वाचून त्याच रात्री आम्ही यादी घेऊन मारुतीच्या देवळात बसलो. ११४० मध्ये ४३ बायका वारलेल्या निघाल्या. त्यात माझ्या सासूबाई पण, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं नाव वाचताना मोबाईलचा उजेड धरणारी माझी पुतणी गप्पच झाली. लग्न होऊन गेलेल्या ६१. वारलेल्यांचे दाखले आणि सगळे अर्ज तहसीलला दिले, पोच घेतली. सह्या ४२६ झाल्या. पडताळणीला ३८८ आल्या. दोघींना घरातून निघू दिलं नाही. एक ऐंशीची आजी पोत्यावर बसून लेकाच्या मोटारसायकलवरून आली, आणि तो लेक स्वतः पिणारा आहे. तो बाहेर उभा राहिला, आत आला नाही. पण त्याने तिला आणलं.

मतदानाची तारीख अजून मिळालेली नाही. टोळ्या परत आल्यावरचीच मागितली आहे.

दादा, तुम्ही सांगितल्यासारखी १९ जणांची यादी केली. सकाळी लागणारे अकरा, त्यातलेच फिट येऊन गेलेले चार. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, एका वेळी चौघांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत, पण चौघांची जागा ठेवते, तारीख आठवडाभर आधी कळवा. बाकी सात जणांसाठी जिल्ह्याला चिठ्ठी देते म्हणाल्या.

थोरल्या दिरांना मी हे स्वतः जाऊन सांगितलं. भीती वाटत होती. ते गोठ्यात वैरण टाकत होते. दुकान बंद झालं तर तुम्हाला चार दिवस आधीच दवाखान्यात न्यायचं आहे, तसा त्रास परत होऊ द्यायचा नाही, असं मी म्हणाले. त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही. मग विचारलं, "त्या रात्री पोरं जागी हुती का गं?" मी हो म्हणाले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी सांगितलं, आधार कार्ड कपाटातून काढून उशाला ठेवलंय.

आता आमची एकच तयारी चालू आहे. निम्म्या म्हाताऱ्यांना कुठल्या बाटलीवर शिक्का मारायचा ते लक्षात राहत नाही. रोज संध्याकाळी शाळेची पाटी घेऊन बसतो. एका बाजूला उभी बाटली, एका बाजूला आडवी, आणि बुडाला हळद लावलेलं काडेपेटीचं झाकण शिक्का म्हणून. काल त्या मोटारसायकलवरून आलेल्या आजींनी सगळ्यांना सोपं करून सांगितलं, "निजलेली ती आपली. तिला निजवायची हाय." आज सहा वाजता पुन्हा बसणार आहोत, खालच्या आळीच्या बायका पहिल्यांदाच येणार आहेत.